एका कॉलमाएवढ्या चित्रासाठी अख्खा दिवस

माझा भाचा घोडबंदर रस्त्यावरच्या लग्नांच्या हॉलमध्ये पाहुण्यांची अर्कचित्रे काढून देतो. टॅबवर पाच-सात मिनिटांत एक चेहरा तयार होतो, मागे रांग लागलेली असते आणि पैसेही बरे मिळतात. परवा नौपाड्यात आमच्याकडे जेवताना त्याने विचारले, "मामा, आर. के. लक्ष्मण रोज एवढंसं एक चित्र काढायचे, मग दिवसभर ऑफिसात काय करायचे?" प्रश्नात खवचटपणा नव्हता. ज्याचा हात चालतो त्याला पडावा असाच तो होता, आणि उत्तर ताटावर बसून देण्यासारखे नसल्याने येथे लिहितो आहे.

व्यंगचित्रकार लक्ष्मण यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९२१ रोजी म्हैसूर येथे झाला. वर्गात शिक्षकांनी पान काढायला सांगितले तेव्हा त्यांनी काढलेल्या पिंपळाच्या पानाचे कौतुक झाले आणि आपण चित्रकार आहोत अशी त्या मुलाची खात्री पटली. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाची मात्र पटली नाही. प्रवेशास आवश्यक तेवढी गुणवत्ता चित्रांत दिसत नाही, असे कळवून महाविद्यालयाने अर्ज परत पाठवला. पुढे त्याच संस्थेने त्यांना सन्मानाने पाहुणे म्हणून बोलावले, हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगत. थोरले बंधू आर. के. नारायण यांच्या कथांसाठी 'द हिंदू'मध्ये चित्रे काढत त्यांनी म्हैसूरला बी. ए. केले आणि मुंबईच्या 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये राजकीय व्यंगचित्रकाराची नोकरी धरली. पुढे १९६० साली 'मार्मिक' हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक काढणारे बाळ ठाकरे तेथे त्यांचे सहकारी होते. दोघांवरही ब्रिटिश वृत्तपत्रांतून गाजलेल्या डेव्हिड लो यांचा प्रभाव होता आणि दोघांच्याही ब्रशच्या फटकाऱ्यात तो दिसतो. फरक मला असा वाटतो, की ठाकरे यांची रेषा अंगावर येते, तर लक्ष्मण यांची रेषा बाजूला उभी राहून पाहते. कम्युनिस्टांची टिंगल करू नका असे मालकांनी बजावल्यावर लक्ष्मण यांनी ती नोकरी सोडली आणि ते 'टाइम्स ऑफ इंडिया'त दाखल झाले, ते अर्धशतकाहून अधिक काळ तेथेच राहिले.

'यू सेड इट' हे पहिल्या पानावरचे एका कॉलमाचे चित्र १९५१ मध्ये सुरू झाले. त्याचा आकार किती सोयीचा होता, हे ठाण्याहून सकाळची लोकल पकडणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. कोपर उघडायला जागा नसलेल्या डब्यात पेपर चार घड्या घालून वाचावा लागे आणि त्या घडीतही ते चित्र अखंड दिसे. शेजारच्याचा पेपर चोरून वाचणाऱ्यालाही ते पुरत असे, आणि कळव्याच्या खाडीपलीकडून येणाऱ्या गाडीत असे वाचक विकत घेणाऱ्यांपेक्षा खचितच जास्त असत.

त्या चौकटीतला कॉमन मॅन आधी ठरवून जन्माला आलेला नाही, ही गोष्ट मला त्याच्याबद्दल सर्वांत महत्त्वाची वाटते. सुरुवातीला लक्ष्मण देश दाखवायचा म्हणून बंगाली, तमिळ, पंजाबी अशी निरनिराळ्या वेशांतली माणसे गर्दीत काढत. छपाईची वेळ रोज मानेवर बसलेली, त्यामुळे एकेक माणूस गळत गेला आणि शेवटी एकच उरला: चौकड्यांचा कोट, धोतर, टकलाच्या कडेने उरलेले पांढरे केस, जाड चष्मा आणि झुपकेदार मिशी. तो बोलत नाही. बोलतात मंत्री, बाबू, पुढारी आणि त्याची बायको. तो मागे किंवा कडेला उभा राहून भुवया उंचावतो. बोलणाऱ्याचे वाक्य त्याच्याच अंगावर उलटण्यासाठी ऐकणारा कोणीतरी लागतो, आणि तेवढेच काम हा माणूस करतो. त्याच्या तोंडी एक टोमणा घातला असता तर सारी चौकट कोसळली असती.

आता दिवसभर काय चाले ते सांगतो. सकाळी वर्तमानपत्रे वाचायची, कोणत्या बातमीत विसंगती आहे ते हुडकायचे आणि मग कल्पना सुचेपर्यंत तळमळायचे. या तळमळीबद्दल त्यांनी पुष्कळदा सांगितले आहे. प्रत्यक्ष रेखाटन त्यानंतर येई. इंदिरा गांधींचे लांब नाक आणि केसांतली पांढरी बट, नरसिंह रावांचे पुढे आलेले ओठ ही खूण एकदा सापडली की हात ती गिरवू शकतो. पण आज त्या नाकासमोर कोणती फाइल ठेवायची, हे रोज नव्याने ठरवावे लागते. माझ्या भाच्यासमोर बसलेला पाहुणा स्वतःचा चेहरा घेऊन येतो. लक्ष्मण यांच्यासमोर बसे ती बातमी, आणि तिला चेहरा नसे.



एकेकाळी रंगाच्या डब्यावर दिसणारा, हातात ब्रश घेतलेला एशियन पेंट्सचा गट्टू हा मुलगाही लक्ष्मण यांचाच, १९५४ सालचा. मॅगसेसे पुरस्कार १९८४ मध्ये मिळाला आणि पद्मविभूषण २००५ मध्ये. त्यापूर्वी २००३ साली पक्षाघाताने त्यांची डावी बाजू निकामी झाली होती. उजवा हात शाबूत होता, म्हणून आजारपणानंतरही त्यांनी ब्रश धरला. २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पहिल्या पानावरचे रोजचे व्यंगचित्र आता बहुतेक दैनिकांतून गेले आहे. जागा नाही, असे कारण ऐकू येते. ते मला पटत नाही, कारण तो कॉलम जाहिरातीला अडवेल एवढा मोठा कधी नव्हताच. अडचण पगाराची असावी: दिवसभर नुसते वाचणाऱ्या, येरझाऱ्या घालणाऱ्या आणि संध्याकाळी बोटभर चित्र देणाऱ्या माणसाला महिनाअखेर पैसे मोजायला आज कोणता मालक तयार होईल?