चार बोटांचा फरक

रुळांची रुंदी म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. परभणी-जालन्याकडून मीटरगेजने यायचं आणि पुढे मुंबई गाठायची तर मनमाडला वळकटीसकट उतरून दुसरी गाडी धरायची, यात पिढ्या गेल्या. लातूरची गाडी तर त्याहून अरुंद, ७६२ मिलिमीटरची. तिची माणसं कुर्डुवाडीला उतरत.

मंगोलियातून चीनमध्ये थेट जाणाऱ्या डब्यात माणूस जागेवरच बसून राहतो, बदलतात ती चाकं. मंगोलियात रूळ रशियासारखेच १५२० मिलिमीटरचे, चीनमध्ये १४३५. फरक ८५ मिलिमीटर, म्हणजे हाताची चार बोटं. तेवढ्यापायी सीमेवरच्या एरेन्होत या चिनी स्टेशनात डबे सुटे करून शेडमध्ये नेतात आणि माणसांसकट जॅकवर उचलतात. जुन्या बोग्या खालून काढायच्या, नव्या सारायच्या, डबा परत टेकवायचा. (आपण बोगी म्हणतो तो खरं तर डबा. रेल्वेवाल्यांची बोगी म्हणजे त्याखालचा चाकांचा सांगाडा.) डबे सोडता-जोडताना दणके बसतात, म्हणून टेबलावरचा चहा आधीच पिऊन टाकावा.

पण चहा बेतानेच. डब्यातला संडास थेट रुळांवर उघडणारा असेल तर स्टेशनात आणि शेडमध्ये त्याला कुलूप लागतं. पासपोर्ट गोळा करून नेतात, कस्टमवाले सामान बघतात, वर हे चाकांचं काम. काही तास सहज जातात. सीमेच्या दोन तास आधीपासून पाणी घोटघोटच प्यावं आणि कुलूप लागायच्या आत संडासाची एक फेरी मारून यावी, गरज असो-नसो.

जेवणाची चिंता त्या मानाने कमी. डब्याच्या टोकाला समोवार असतो, त्यात कढत पाणी कायम आणि फुकट. कांद्याचे धपाटे दुसऱ्या दिवशी आंबतात, ते पहिल्याच दिवशी संपवावेत. पुढच्या दिवसांसाठी फोडणी देऊन खरपूस भाजलेला बारीक रवा न्यावा: एक वाटीला दोन वाट्या कढत पाणी, घट्ट झाकण, दहा मिनिटं. झाकण सैल राहिलं की रवा कच्चट लागतो, मग समोवारला नावं ठेवू नयेत. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ मात्र चीनच्या हद्दीआधीच पोटात गेलेले बरे. कस्टमवाले ते पुढे नेऊ देत नाहीत.