अकरा हजार फक्त

मंगळवार, रात्री उशिरा.

तीन ओळींचं पत्र होतं. संस्थेच्या लेटरहेडवर टाईप करायचं, संस्थेतल्या ज्येष्ठ अण्णांची सही घ्यायची, शिक्का मारायचा आणि फोटो काढून पाठवायचं. संध्याकाळी ऑफिस बंद करायच्या आत पाठवलंसुद्धा. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

नवी नोकरी लागलेल्या आमच्या कार्यकर्त्याचा मेसेज दुपारी आला होता. "ताई, तिकडे शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागितल्यात. आपल्याकडे तसं काही असतं का?" आपल्याकडे तसं काही नसतं. आपल्याकडे व्हाउचर असतं, त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प आणि स्टॅम्पवर सही. म्हणून मग पत्र द्यायचं ठरलं. 'सदर कार्यकर्त्यास संस्थेकडून दरमहा मानधन रुपये ११,०००/- (अक्षरी रुपये अकरा हजार फक्त) देण्यात येते.'

हा आकडा मी दर महिन्याला लिहिते. चेकवर लिहिते, वहीत लिहिते, ऑडिटच्या कागदांवर लिहिते. आज तो अंधेरीतल्या कुणा अनोळखी माणसाच्या टेबलावर जाणार, तो माणूस हा आकडा वाचणार आणि त्यावरून आमच्या पोराची किंमत ठरवणार, या विचाराने पोटात कालवलं. 'फक्त' हे चेकवर लिहायचंच असतं, माहीत आहे. तरी खटकत राहिलं.

गेल्या आठवड्यात तो पेढे घेऊन आला होता. मोठी कंपनी आहे, तिच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाच्या विभागात घेतलंय. नालासोपाऱ्याला मित्राबरोबर खोली बघितलीय. अण्णांनी पेढा तोंडात टाकला, पाठीवर हात ठेवला, "कर रे बाबा, चांगलं कर" म्हणाले. मी हसले, अभिनंदन केलं. आनंद मात्र झाला नाही. का झाला नाही, ते शोधायला आज वही उघडली आहे.

पहिल्यांदा वाटलं, मला एकटं पडल्यासारखं झालंय. ते खरंही आहे. आधी नर्सबाई गेल्या, मग बालवाडीची पोरगी सरकारी भरतीत लागली, मग तो हिशेब शिकलेला मुलगा. प्रत्येकाला आपण हाताला धरून शिकवायचं, गावात फिरवायचं, माणसं ओळखीची करून द्यायची, आणि दोन-तीन पावसाळे झाले की तो पेढे घेऊन येणार. उरायचं कोणी? मी, अण्णा आणि गिरगावातली ही एक खोली, जिचं आता पुनर्विकासात काय होणार तेही कळत नाही. बँकेतून लवकर निवृत्ती घेतली तेव्हा घरचे म्हणाले होते की... जाऊ दे. तो विषय आज नको.

पण नुसतं एकटेपण असतं तर अण्णांजवळ बोलून मोकळी झाले असते. हे तसं नाही.

तो काय काम करायचा, ते मला रात्रभर आठवत राहणार. मागच्या उन्हाळ्यात जव्हारच्या वरच्या पाड्यावर त्याच्याबरोबर गेले होते. वनहक्काचे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मिळावा म्हणून करायचे दावे भरायचे चालले होते. कायदा २००६चा, पण अजून कितीतरी घरांचे दावे अर्धवट, फेटाळलेले नाहीतर कुठल्याशा टेबलावर पडलेले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ही जमीन आपण कसतो, हे दाखवायचं. कागद कुठून आणणार माणूस? एका आजीबाईंनी वाशाला टांगलेली प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यात कापडाची घडी, घडीत एक पिवळी पडलेली पावती. वनखात्याने अतिक्रमण केलं म्हणून कधीकाळी ठोकलेल्या दंडाची. घरातल्या कुणाला तिचं काय करायचं माहीत नव्हतं, पण सरकारी शिक्का आहे म्हणून जपली होती. त्याने ती दोन्ही हातांनी उघडली, उजेडाला धरली, तारीख वाचली आणि आजीबाईंच्या बोलीत त्यांना समजावलं की आजोबांना ज्या जमिनीसाठी दंड झाला, ती जमीन तेव्हाही आजोबाच कसत होते, हे सरकारनेच लिहून दिलंय. आजीबाई पावतीकडे बघतच राहिल्या. मग त्याच्याबरोबर उठून बांधाने चालायला लागल्या, तो हातात जीपीएसचं यंत्र घेऊन मागे.

हे काम कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. त्याला बोली येते, कायदा कळतो, तलाठ्याशी आणि वनरक्षकाशी आवाज न चढवता बोलता येतं. दिवाळी झाली की कोणकोणती कुटुंबं उचल घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाणार, कुणाची पोरं मागे वसतिगृहात ठेवता येतील, हे त्याच्या डोक्यात असतं. या सगळ्याचे आम्ही अकरा हजार देत होतो.

म्हणजे मला जे बोचतंय ते त्याचं जाणं नाही. तो जातोय हे बरोबर आहे, आणि ते बरोबर आहे हेच बोचतंय.

अण्णांची पिढी वेगळी. ९२ साली जव्हारकडच्या वावर-वांगणीत कुपोषणाने पोरं दगावली, तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यात होतं. अण्णा नोकरी सोडून तिकडे गेले आणि मागे वळून बघितलं नाही. त्यांना मानधन हा शब्दसुद्धा जास्त वाटतो. शिबिरात ते नेहमी बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांचं उदाहरण देतात. मुंबईत जन्मलेल्या, शिकलेल्या ताराबाई १९४५ साली बोर्डीला जाऊन बसल्या, अनुताई वाघांना बरोबर घेतलं आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं. पोरं मान खाली घालून ऐकतात. मीही कितीतरी वेळा ऐकलंय.

पण आज त्याच गोष्टीतलं वेगळंच काही लक्षात आलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे बघितल्यावर ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. आईबापांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही असंही म्हटलं नाही. शाळाच उचलून कुरणात नेली. कुरणशाळा. महागडी साधनं परवडत नाहीत, तर शिंपले, बिया, गावात मिळेल त्यातून साधनं केली. माणसाच्या जगण्याला धरून संस्था वाकली. मग आमचा कार्यकर्ता टिकत नाही, तर आम्ही काय वाकवलं? त्यागाची भाषणं तेवढी वाढवली.

ऑफिसातून निघाल्यावर सरळ ग्रँट रोडला न जाता गावदेवीकडून चालत गेले. लॅबर्नम रोडवर मणिभवन बंद झालं होतं. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरायचे. पुढच्याच वर्षी, १९३५ ला, त्यांनी चरखा संघात जो आग्रह धरला तो मला फार जवळचा वाटतो. कातणाऱ्या बाईला दिवसाच्या कामाचे अगदीच थोडे पैसे पडायचे. गांधीजी म्हणू लागले की आठ तास कातलं तर तिला आठ आणे मिळायला हवेत. खादी चालवणारे लोक हबकले. एवढी मजुरी दिली तर खादी महागणार, विकली जाणार नाही, सगळा डोलारा बसेल. सगळे हिशेब त्यांच्या बाजूने होते. आठ आणे काही लगेच झाले नाहीत, पण पोटापुरती मजुरी हे तत्त्व संघाने मान्य केलं आणि दर वाढवले. खादी विकायची कशी हा प्रश्न नंतरचा, बाईचं पोट आधी. हे ज्याने सांगितलं, त्याची तसबीर आमच्या कपाटावर आहे, आणि त्या कपाटात अकरा हजारांची व्हाउचर.

हे वाक्य लिहून बराच वेळ बसले. रडू आलं थोडं. आता बरं वाटतंय, खोटं कशाला लिहू.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न राहतोच. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं कायद्याने भाग आहे. आमच्याकडेही दोन-तीन येऊन गेल्या. पाण्याची टाकी द्यायला तयार, वर्गखोली द्यायला तयार, टॅब द्यायला तयार. टाकीवर नाव घालता येतं. कार्यकर्त्याच्या पगाराचं नाव काढलं की "ते तुमच्या प्रशासकीय खर्चात बसवा" म्हणतात. आजीबाईंची पावती उजेडाला धरून वाचणारा माणूस हा प्रशासकीय खर्च कसा? कामच ते आहे. टाकी नंतरही बांधता येईल.

आणि आता तो त्याच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणार. हे मघापर्यंत टोचत होतं, आता तेवढं टोचत नाही. उद्या कुठल्या तरी छोट्या संस्थेचा प्रस्ताव त्याच्यासमोर येईल, त्यात मानधनाची ओळ असेल, आणि ती ओळ काय असते हे निदान त्या खोलीत एकाला ठाऊक असेल. ती ओळ तो खोडणार नाही. एवढं मी त्याला ओळखते.

साडेदहाला त्याचं उत्तर आलं. "ताई, पत्र मिळालं, थँक्यू. शनिवारी ग्रामसभा आहे. दाव्यांची फाईल कुणाला समजावून देऊ? काही घरांची मोजणी राहिलीय."

मी लिहिलं, मला दे. शनिवारी पहाटेच्या डहाणू लोकलने पालघरपर्यंत येते, पुढे एसटी. त्याने लिहिलं, छत्री घेऊन या, वर पाऊस सुरू झालाय.

रविवारी विश्वस्तांची सभा आहे. विषयपत्रिका अजून पाठवलेली नाही. त्यात चौथा विषय घालते: चारही कार्यकर्त्यांचं मानधन अठरा हजार करणे आणि भविष्य निर्वाह निधी सुरू करणे. वर्षाचा वाढीव बोजा काढला, आमच्या ठेवींच्या व्याजात बसत नाही. बरीच तूट येते. अण्णा म्हणतील, कायम निधीला हात लावायचा नाही. तर मग या वर्षी शिबिराचा मंडप आणि स्मरणिका रद्द करू, आणि उरलेल्यासाठी जुन्या देणगीदारांना फोन करू, टाकीसाठी नाही, माणसासाठी पैसे द्या म्हणून. बँकेतल्या माझ्या बरोबरीच्या काही जणी पेन्शनमधून दरमहा देतील. एकीला आताच मेसेज टाकला आहे. जागी दिसतेय, अजून वाचला नाही.