पेन्सिलीने लिहिलेले वर्ष

जपमाळेत १०८ मणी असतात. विद्यापीठाचे शैक्षणिक वेळापत्रक आखणाऱ्या समितीवर माझी वर्णी लागली, त्या वर्षीच्या पहिल्या सत्राच्या वाट्यालाही नेमके तितकेच दिवस आले होते. सोमवार, १६ जून २०२५ पासून धनत्रयोदशीच्या शनिवारपर्यंत, म्हणजे १८ ऑक्टोबरपर्यंत, अठरा आठवडे भरत होते आणि रविवार वगळले की १०८ दिवस उरत होते. सत्राला अध्यापनाचे ९० दिवस हवेत, हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा दंडक. एका श्रेयांकाला, म्हणजे क्रेडिटला, पंधरा तास, म्हणून चार श्रेयांकांच्या विषयाला साठ. आठवड्याला चार तासिका धरल्या की पंधरा आठवडे, आणि आठवड्याचे सहा दिवस. शनिवारची सुटी मागणाऱ्या सहकाऱ्यांना मी हेच गणित कागदावर मांडून दाखवतो. पाच दिवसांचा आठवडा केला, तर नव्वद दिवसांसाठी अठरा आठवडे लागतात, म्हणजे माळ तिथेच संपते.

सुट्ट्यांची यादी शासनाकडून येते. ती परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ अन्वये जाहीर होते. हुंड्या आणि धनादेशांसाठी केलेल्या कायद्याने आमच्या वर्गांना कुलूप लागावे, याची मला अजूनही गंमत वाटते. यादी हाती पडली की समितीतले आम्ही आधी वार बघतो. रविवारी आलेल्या सुटीने साऱ्या कार्यालयाचा चेहरा उतरतो आणि आमचा तेवढा उजळतो. २०२५ या बाबतीत उदार होते. मोहरम रविवारी आला, पारशी नववर्ष १५ ऑगस्टलाच पडले आणि दसरा गांधी जयंतीच्या दिवशी. गणेश चतुर्थी आणि ईद-ए-मिलाद धरून सत्रातले चारच दिवस वजा झाले. उरले १०४. त्यांतून अध्यापनाचे ९० काढून ठेवले, तरी चौदा दिवस शिल्लक होते, आणि त्या चौदा दिवसांच्या भरवशावर मी सत्र परीक्षा दिवाळीआधी उरकण्याचा बेत बैठकीत मांडला.

समितीतले एक ज्येष्ठ प्राचार्य तळकोकणातले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझा कागद जवळ ओढला आणि विचारले, “गणपतीला एकच दिवस?” शासनाच्या यादीत एकच होता, बुधवार, २७ ऑगस्ट. “यादीत असेल हो,” ते म्हणाले, “पण गौरी-गणपतीचे विसर्जन होईपर्यंत आमच्याकडे वर्गात कोण येणार? मुले यायची नाहीत आणि खरे सांगायचे तर शिकवणाराही मखरापुढून उठायचा नाही.” त्या वर्षी गौरी विसर्जन २ सप्टेंबरला होते. मधला रविवार सोडून पाच चौकटी त्यांनी स्वतःच्या हाताने, पेन्सिलीने, हलकेच काळ्या केल्या. चौदाचे नऊ झाले. अतिवृष्टीसाठी मी दरवर्षी तीन दिवस मनात धरतो, कारण जिल्हाधिकाऱ्यांचा सुटीचा आदेश सकाळी निघतो आणि तो प्राचार्यांच्या आधी विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर पोहोचलेला असतो. उरले सहा. सहा दिवसांत सगळ्या शाखांची परीक्षा बसवणे म्हणजे पाटावर पंगत बसवण्यासारखे होते. परीक्षा दिवाळीनंतर गेली.

ती तशी गेली की पुढचे सगळेच सरकते. फराळाचे ताट आणि प्रश्नसंच शेजारी ठेवून मुलांची दिवाळी जाते, हे तर उघडच आहे. त्याहून अवघड म्हणजे निकाल शेवटच्या पेपरपासून तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लावावा, असे २०१६चा विद्यापीठ अधिनियम सांगतो. परिणामी दुसऱ्या सत्राचे पहिले आठवडे प्राध्यापक सकाळी नवा अभ्यासक्रम शिकवतात आणि दुपारी जुन्या सत्राच्या उत्तरपत्रिका तपासतात.

या साऱ्याचे मूळ चंद्रात आहे. आमचे सत्र सूर्याच्या वर्षाने चालते आणि सण चंद्राच्या. चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी तोकडे असल्यामुळे दिवाळी वर्षावर्षाने अलीकडे सरकत राहते आणि आमचे पहिले सत्र कुरतडत जाते. मग अधिक मास येतो आणि गेलेले बरेचसे एकदम परत करतो. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आला, म्हणून लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून थेट ८ नोव्हेंबरला गेले. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारशांचे वाण मिळते. आमच्या समितीला अठरा दिवस मिळाले. १५ जूनला सत्र सुरू केले, तर दिवाळीआधी १०८ ऐवजी १२६ दिवस हाती येत होते. यंदा गौरी-गणपतीचे दिवस मी कोणी सांगण्याआधीच बाजूला काढले, पावसाचे तीन ठेवले, आणि तरीही परीक्षा दिवाळीआधी बसली. बैठकीत तळकोकणाच्या प्राचार्यांनी मान डोलावली, हे मला मंजुरीच्या सहीहून मोठे वाटले.

मसुदा टंकनासाठी दिला, तेव्हा कार्यालयातल्या बाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि मग भिंतीवरच्या कालनिर्णयाचे जूनचे पान बोटाने दाखवत, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “सर, १५ जूनला अमावास्या आहे. नवीन मुले पहिल्यांदाच येणार ती त्याच दिवशी?”

मी नियमावलीतले काही सांगणार होतो. पण पेन्सिलीच्या मागचा रबर हाताशीच होता. मंगळवार, १६ जून असे लिहिले आणि १२६ खोडून १२५ केले.