मुतखडा, चार फेऱ्या आणि पालथा झोपलेला पेशंट

दुपारी कॅज्युअल्टीतून फोन आला, “केयूबी (मूत्रपिंडं ते मूत्राशयाचा सीटी) पाठवतोय, जोरात कळा येतायत.” व्हीलचेअरवर कंबर धरून वाकलेला तिशीतला ट्रकचालक. मागे आई, तिच्या हातात जुन्या फिल्म्सची पिशवी.

मी सीटी टेक्निशियन. जुन्या फिल्म्समध्ये आधी किरणांच्या डोसचा तक्ता बघतो. शेवटच्या चौकटीत बारीक अक्षरांत असतो, सहसा कुणी वाचत नाही. याचे वर्षभरात तीन सीटी झालेले, सगळे मुतखड्यासाठीच. शेवटच्याचा डीएलपी, म्हणजे पूर्ण स्कॅनमधल्या किरणांचा आकडा, 2,000! साधी (प्लेन) एक फेरी, मग शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध देऊन आणखी तीन, त्याही निम्म्या छातीपासून मांडीपर्यंत. पोटाच्या डीएलपीला 0.015 ने गुणलं की शरीराला बसलेल्या डोसचा ढोबळ अंदाज मिळतो, म्हणजे 30 मिलिसिव्हर्ट. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी अडीच-तीन मिळतात.

आजच्या कागदावरही ‘प्लेन + कॉन्ट्रास्ट’च. खडा तर प्लेनवरच पांढराशुभ्र दिसतो. रेडिओलॉजिस्ट सरांना फोन लावला.

“सर, प्लेनवरच थांबू का? अंगानं बारीक आहे, एक्स-रे ट्यूबचं व्होल्टेज 100 केव्हीवर आणि करंटही कमी ठेवून घेतो.”

“घे. पण खडा दिसला नाही तर परत घ्यावा लागेल. मग काय वाचवलंस?”

मुद्दा बिनतोड होता. म्हणून त्याला पालथंच झोपवलं. खडा मूत्रवाहिनीच्या तोंडाशी अडकलाय की मूत्राशयात पडलाय, हे उताण्या स्कॅनमध्ये कधी कधी कळत नाही आणि दुसरी फेरी मारावी लागते. पालथं झोपवलं की सुटा खडा पुढच्या बाजूला घरंगळतो, अडकलेला जागचा हलत नाही. कळा येणाऱ्या माणसाला पालथं करणं मात्र सोपं नाही. पोटाखाली उशी दिली, तेव्हा कुठे स्थिरावला.

मग टेबलाची उंची. हे काम घाईत हमखास राहतं. पेशंट ट्यूबच्या जवळ गेला की टोपोग्राममध्ये, म्हणजे स्कॅनआधीच्या आखणीच्या चित्रात, आहे त्याहून जाड दिसतो, आणि मशीन आपणहून करंट वाढवतं. ‘ऑटोमॅटिक आहे’ म्हणून निर्धास्त राहणारे बरेच बघितलेत. लेझरची रेघ अंगाच्या जाडीच्या मध्यावर आणली, वरची हद्द मूत्रपिंडांच्या जरा वर ठेवली, खालची जघनास्थीपाशी.

“श्वास घ्या... रोखून धरा.”

किरणं कमी, म्हणून चित्र दाणेदार आलं. यकृतातली बारीक गाठ त्यात शोधू नये. पण डाव्या मूत्रवाहिनीच्या अगदी तोंडाशी पाच मिलिमीटरचा खडा स्वच्छ दिसत होता, पालथं झोपवूनही मागेच चिकटलेला. डीएलपी 150, म्हणजे सव्वादोन मिलिसिव्हर्ट. सर स्क्रीनवर वाकले, “चालेल,” एवढंच म्हणाले आणि रिपोर्टला बसले.

बाहेर आई घड्याळ बघत उभी.

“झालं पण? मागच्या वेळी अर्धा तास लागला होता!”

“मावशी, सुई लावायची गरजच पडली नाही. किरणंही कमी लागली.”

“मग सुईचे पैसे परत द्या की!”

बरोबरच होतं तिचं. बिलिंगच्या खिडकीवरून कॉन्ट्रास्टची रक्कम परत मिळवण्यात स्कॅनपेक्षा जास्त वेळ गेला.