आमची वाटचाल : विंडो नक्की आहे कुठे?

आमची कंपनी छोटी, डेस्कटॉप सॉफ्टवेअर करणारी. सुरुवातीला नवं काम कोणी देतच नव्हतं, मग दुसऱ्यांनी अर्धवट सोडलेले प्रोग्राम दुरुस्त करून द्यायचो. त्यात एक तक्रार सारखी यायची, प्रोग्राम चालू होतो, टास्कबारवर आयकॉन येतो, पण स्क्रीनवर काहीच नाही. कोड उघडला की बऱ्याचदा एकच भानगड, बंद होताना विंडोची जागा सेव्ह केलेली असायची पण ती मिनिमाईझ आहे का हे कोणी बघितलेलंच नसायचं, आणि मिनिमाईझ विंडोला विंडोज उणे 32000, उणे 32000 वर नेऊन ठेवतं, तेच आकडे फाईलमध्ये जायचे आणि पुढच्या वेळी विंडो थेट तिकडेच उघडायची! विनफॉर्म्समध्ये (विंडोजचे प्रोग्राम बनवायची मायक्रोसॉफ्टची लायब्ररी) आधी विंडोस्टेट, म्हणजे विंडो कुठल्या अवस्थेत आहे ते बघायचं, नॉर्मल असेल तर बाउंड्स (आत्ताची जागा आणि आकार) घ्यायचे, नाहीतर रिस्टोअरबाउंड्स (नॉर्मल असतानाची जागा), झालं. (दुसरा मॉनिटर काढून टाकला तरी हेच होतं, त्यामुळे उघडताना ती जागा एखाद्या स्क्रीनवर येते का तेही तपासायचं.)

या कामांवरूनच पुढे एक मोठा कस्टमर मिळाला, त्यांना लाईव्ह आलेख हवे होते आणि विंडो दिसत नसेल तेव्हा प्रोसेसरवर लोड नको होता. ऐकायला सोपं. पण विंडोजचं इजविंडोव्हिजिबल हे फंक्शन फक्त व्हिजिबलची स्टाईल लावलीय का एवढंच बघतं, विंडो मिनिमाईझ असो की दुसऱ्या विंडोखाली पूर्ण झाकलेली, ते हो च म्हणतं. मिनिमाईझसाठी इजआयकॉनिक हे वेगळं फंक्शन. विंडोज 10 मध्ये विंडो दुसऱ्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर असली तर ती क्लोक्ड (चालू पण लपवलेली) असते, ते डीडब्ल्यूएमला, म्हणजे स्क्रीनवर विंडो रंगवणाऱ्या विंडोजच्या भागाला विचारावं लागतं. आणि टायमर लावून सारखं विचारत बसणं मला तरी पटत नाही, मिनिमाईझ झाल्याचा मेसेज विंडोज स्वतःच डब्ल्यूएम साईझमधून (विंडोचा आकार बदलल्याचा मेसेज) पाठवतं की.

मग त्यांनीच लिनक्स व्हर्जन मागितलं. लिनक्सवर स्क्रीनवर विंडो दाखवायच्या दोन पद्धती, जुनी एक्स इलेव्हन आणि नवी वेलँड. एक्स इलेव्हनवर हिडन स्टेट (विंडो लपलीय ही खूण) मिळते, पण वेलँडवर प्रोग्राम मिनिमाईझ करा अशी विनंती करू शकतो, झालो का ते मात्र त्याला कळत नाही. नंतर वेलँडच्या प्रोटोकॉलमध्ये (नियमांमध्ये) सस्पेंडेड स्टेट, म्हणजे विंडो सध्या दिसत नाही ही खूण आली खरी, पण कंपोझिटर (स्क्रीनवर सगळ्या विंडो मांडणारा प्रोग्राम) ती पाठवेल तेव्हा. त्यामुळे आता लिनक्सच्या कोटेशनमध्ये "मिनिमाईझ केल्यावर थांबेल" असं वाक्य दिसलं की मी ते सही करण्याआधीच खोडतो.