सूत, पत्रा आणि रविवार

रविवार, रात्री

आज पाट्या रंगवायला शिकायच्या वर्गात तासभर नुसतं सूत मारलं. दोरा खडूच्या भुकटीत घोळवायचा, दोघींनी दोन टोकांना ताणून धरायचा, मधे चिमटीत उचलून सोडून द्यायचा. पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उमटते. अशा चार रेघा. एक वेलांट्या-मात्रांसाठी, दुसरी शिरोरेघेची, तिसरी अक्षर जिथं टेकतं तिथली, चौथी उकारांची. मास्तर म्हणतात, नवखा माणूस मधल्या दोनच मारतो. मग ‘श्री गुरुमूर्ती’ लिहायला घेतलं की वेलांटी पत्र्याच्या बाहेर जाते आणि उकार दुकानदाराच्या फोन नंबरवर बसतो.

मास्तर म्हणजे पेंटर. कराडात आणि आसपासच्या गावांत त्यांनी आयुष्यभर पाट्या रंगवल्या. ट्रकच्या मागची अक्षरं, दूध डेअरीचे फलक, निवडणुकीच्या भिंती, देवळातल्या देणगीदारांच्या याद्या. मग फ्लेक्स आला. चार तासांत छापून मिळणाऱ्या बोर्डापुढे दोन दिवस वाळणारा ऑइलपेंट टिकेना. पोरं शिकायला यायची थांबली, आणि आता येतात ती आमच्यासारखी अर्धं वय उलटलेली माणसं. मी बँकेतली, एक निवृत्त एसटी कंडक्टर, एक दातांचा डॉक्टर आणि रांगोळीच्या ऑर्डरी घेणाऱ्या एक वहिनी. कंडक्टरकाकांचा हात सगळ्यांत स्थिर. हलत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडली आहेत, म्हणे.

काढायला दिलाय फक्त उभा दंड, म्हणजे अक्षरातली उभी रेघ. चपट्या ब्रशचे केस रंगात अर्धेच बुडवायचे, डब्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी दाबून धार काढायची आणि वरून खाली एका ओढीत यायचं. मनगट हलवायचं नाही, खांद्यातून हात खाली आणायचा. डाव्या हातात चिंधी गुंडाळलेली काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकवायचं. हे सगळं कळायला दोन मिनिटं लागतात. कळून काही उपयोग नाही, हे मात्र बराच वेळ कळत नाही. डॉक्टर सारखे विचारत होते, ब्रशचा कोन किती अंशांचा? मास्तरांनी उत्तर दिलंच नाही. त्यांचा हात धरून एक दंड ओढवून घेतला आणि म्हणाले, “हे असं.”

मला वाटतं, आम्हा मोठ्यांना शिकवताना त्यांना सर्वांत जास्त याचाच कंटाळा येत असणार. आम्हाला आधी समजून घ्यायचं असतं.

बुधवार

बँकेतून येताना बाजारपेठेतल्या पाट्या बघत आले. राज्य सरकारनं २०२२ मध्ये कायदा बदलला आणि लहानमोठ्या सगळ्याच दुकानांना मराठी पाटी बंधनकारक झाली. देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको, अशीही अट आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत मिळाली. मास्तरांना वाटलं होतं, आता कामं येतील. थोडी आलीही. पण बहुतेकांनी ॲक्रिलिकची, आतून उजेड असलेली अक्षरं बसवून घेतली. नियमानं आकार पाळला आहे, पण अक्षर बघवत नाही. इंग्रजी नावाच्या मापात बसावं म्हणून मराठी नाव आडवं ताणलंय, काना एकीकडे आणि शिरोरेघ तुटून दुसरीकडे. पूर्वी हे माझ्या डोळ्यांना खुपत नसे. आता चालणं अवघड झालंय.

मास्तरांकडे एक जुनी वही आहे. तीत वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती कापून चिकटवलेल्या. त्यातली बरीच शीर्षकं कमल शेडगे यांच्या हातची, नाटकांची नावं अक्षरांत रेखाटणारे ते. शेडगे २०२० मध्ये गेले. त्या काळी या गावातल्या पेंटरला मुंबईचं नाटक बघायला मिळणं कठीण, पण नाटकाच्या नावाचं अक्षर मात्र छापून घरपोच यायचं, तेही पेपरच्या किमतीत. मास्तर ते चौकोन आखून मोठं करायचे आणि गावातल्या कापडदुकानावर उतरवायचे. चोरीच की ती, असं हसत सांगतात. मी त्यांना सांगितलं की बँकेत दिवसभर संगणकावर समोर असतो तो मंगल फॉन्टही र. कृ. जोशी नावाच्या एका सुलेखनकारानंच घडवलाय. त्यांना नाव माहीत होतं. फॉन्ट पाहिला आणि म्हणाले, “बरा आहे. पण वाऱ्यावर टांगला तर लांबून दिसायचा नाही.”

रविवार

आज अक्षरांमधली मोकळी जागा. माझ्या मते या कामातला खरा कस इथं लागतो, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. पट्टीनं मोजून सारखं अंतर ठेवलं की ओळ वेडीवाकडी दिसते. ‘ट’, ‘ठ’, ‘ढ’ पोटाला गोल, त्यांच्या बगलेत पांढरं साठतं, म्हणून पुढचं अक्षर जरा आत सरकवावं लागतं. काना आणि त्याच्या शेजारी ‘ग’ किंवा ‘ण’ आला की उभ्या दांड्यांची गर्दी होते, तिथं श्वास घ्यायला जागा द्यावी लागते. ‘र’ बारीक, ‘झ’ ऐसपैस. त्यामुळे पाटी डावीकडून लिहायला घेत नाहीत. अक्षरं मोजून मध्य काढतात, खडूनं हलकं टाकून बघतात आणि मगच रंग.

हे आमच्या डोळ्यांना दिसावं म्हणून मास्तरांनी पत्रा उलटा टांगला. उलट्या ओळीत ‘विठ्ठल’ वाचता येईना आणि लगेच दिसलं की ‘वि’ आणि ‘ठ्ठ’ यांच्यात खड्डा पडलाय. वाचता येणं हीच आमची अडचण. पहिलीतलं पोर अक्षर बघतं, आम्ही थेट अर्थावर उडी मारतो.

शेवटी ब्रश धुण्यावरून थोडं वाजलं. रॉकेलमध्ये धुवून, पुसून, तेलात बुडवून ठेवायचे, नाहीतर केस ताठ होतात. डॉक्टर म्हणाले, फी देतो त्यात हे येत नाही का? मास्तर चिडले नाहीत. त्यांच्या उस्तादानं त्यांना वर्षभर फक्त ब्रश धुवायला आणि रंग गाळायला ठेवलं होतं, हे त्यांनी सांगितलं. “तेव्हा अक्षरामागं पैसे होते. दिवसाला दोन पाट्या नाही उरकल्या तर चूल अडायची. म्हणून हात पळायला शिकला. तुमचं काय अडतंय, डॉक्टर?”

मला हे तेवढं पटलं नाही. अडलेलं नाही म्हणूनच आम्ही इतका वेळ एकाच दंडावर घालवू शकतो. पोटासाठी शिकणाऱ्याला ही चैन कुठली? पण वेग आमच्या हातात येणार नाही, हेही खरं, आणि वेगाशिवाय त्या ओढीला धार चढत नाही. कंडक्टरकाका याच्याशी सहमत नव्हते. ते म्हणाले, मला पेन्शन आहे, मी सावकाश लिहिणार. वहिनींनी मुकाट्यानं सगळ्यांचे ब्रश धुतले. ते मात्र मला आवडलं नाही, आणि मास्तरांनाही नाही. पुढच्या वेळेपासून पाळ्या लावल्यात.

शुक्रवार

मास्तरांचा फोन. “ताई, एक काम आलंय.” शेजारच्या गावातल्या देवस्थानाला पाटी हवी आहे, ‘पादत्राणे येथे काढावीत’. तीन फूट बाय एक, लाल रंगावर पांढरी अक्षरं. पैसे फार नाहीत, पण मास्तर म्हणतात, वर्गानंच करायची आणि दर पुरा घ्यायचा, फुकट देऊन बाजार नासवायचा नाही. पत्र्याला रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारं अस्तर, आज लागलं. उद्या लाल रंगाचा पहिला हात, परवा दुसरा. हवा दमट आहे, वाळायला वेळ लागेल, शिवाय अशा हवेत रंगाची चकाकी मरते.

‘ढा’ आणि ‘त्रा’ माझ्याकडे आलेत. ‘त्रा’ जमेल. ‘ढा’ साठी आज वहीची चार पानं भरली, आणि उद्या बँकेला सुट्टी आहे.