उसण, मावशीचा अंगठा आणि चोवीस सिटिंग

जूनचा दुसरा आठवडा म्हणजे अप्पा बळवंत चौकात आम्हा पुस्तकवाल्यांना पाणी प्यायला फुरसत नसते. आई-बाप याद्या फडकवत उभे असतात. त्या गर्दीत पोटमाळ्यावरून नववीचा गठ्ठा उतरवला, तसाच वळलो आणि कंबरेत कट्कन काहीतरी झालं. गठ्ठा कसाबसा खाली टेकवला, मी मात्र वाकलेलाच राहिलो. समोरच्या बाई म्हणाल्या, "अहो, भूगोल राहिला."

आमच्या घरात याला उसण भरली म्हणतात, आणि उसणीवरचा उपाय म्हणजे कसब्यातली मावशी. ती पायाळू. जन्मताना जिचे पाय आधी बाहेर आले तिनं दुखऱ्या जागी पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला सतरंजीवर पालथं पाडलं, डाव्या पायाचा अंगठा कंबरेवर तीनदा दाबला आणि चहा टाकायला गेली. तिसऱ्या दिवशी मी आमच्या डॉक्टरांकडे. त्यांनी टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, उताणं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला. लघवी-संडासवर ताबा आहे ना, जांघेत बधिर वाटत नाही ना, ताप, वजन घटणं, सगळं विचारलं. मग म्हणाले, "एक्सरे नको. पाच दिवस गोळ्या, शेक, आणि झोपून राहायचं नाही." एवढं दुखतंय आणि झोपायचं नाही? हे काही मला पटलं नाही.

आठव्या दिवशीही मोजे बायकोच घालून देत होती. तेव्हा भाच्यानं मोबाइल पुढे केला. व्हिडिओत एक धिप्पाड माणूस टेबलावर आडवा, दुसरा त्याला पिळतो, कडाकड आवाज येतो आणि धिप्पाड माणूस हसत उठतो. "मामा, कायरोप्रॅक्टिक. हातानं झटके देऊन मणके बसवतात म्हणे. नदीपलीकडे एक क्लिनिक आहे." रिक्षात प्रत्येक गतिरोधकाला मी दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून सीटवरून अधांतरी होत होतो.

क्लिनिक चकाचक. भिंतीवर पाठीच्या कण्याचं मोठं चित्र आणि प्रत्येक मणक्यातून निघून हृदय, पोट, मूत्रपिंड असं कुठे कुठे जाणाऱ्या रेषा. तपासणीआधीच काउंटरवरच्या मुलीनं पॅकेज सांगितलं: चोवीस सिटिंग. मी घासाघीस करून सहावर आणलं, ते पैसे आगाऊ. मग मानेपासून माकडहाडापर्यंत एक्सरे. "मणके जागेवर नाहीत, गॅप आलीय." दोन मणक्यांमधली गादी साध्या एक्सरेत दिसतच नाही, दिसते ती मधली जागा. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तिथल्या कायरोप्रॅक्टरचा हात मात्र चांगला होता, ते नाकारणार नाही. कुशीवर झोपवलं, वरचा गुडघा दुमडून टेबलाबाहेर काढला, एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा कंबरेवर. "श्वास सोडा." सोडला, आणि एक छोटासाच झटका. शेंगा फोडल्यासारखा आवाज. उठलो आणि आठ दिवसांत पहिल्यांदा बुटाची नाडी स्वतः बांधली. डोळ्यांत पाणी आलं. भाच्याला तिथूनच फोन केला. रात्री नऊपर्यंत निम्मं दुखणं परत आलं होतं, पण तो आवाज डोक्यातून जाईना. वाटे, मणका जागेवर बसला त्याचाच तो आवाज.

आमच्या दुकानाची एक बाजू मेडिकलच्या पुस्तकांची, त्यामुळे बी. जे. मेडिकलची मुलं येत-जात असतात. त्यातल्या एकानं काउंटरवरच स्वतःचं बोट मोडून दाखवलं. "काका, हाच आवाज. सांध्यातल्या पाण्यात दाब एकदम कमी होतो आणि वायूची पोकळी तयार होते. आता लगेच परत मोडून बघा." मोडेना. साधारण वीस मिनिटं तरी जावी लागतात म्हणे. हाड सरकून जागेवर बसण्याशी आवाजाचा संबंध नाही.

जाता जाता तो म्हणाला, "कंबरेला ठीक आहे, मानेला करून घेऊ नका." शटर ओढायच्या आधी मी विकायला ठेवलेलं शरीररचनेचं पुस्तक उघडलं. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना एकेक भोक असतं. त्या भोकांतून, सुईत दोरा ओवावा तशी एक रक्तवाहिनी वर चढते, सगळ्यात वरच्या मणक्यावर वळसा घेते आणि मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देते. मानेला जोराचा पीळ बसला तर तिचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते, आणि ती पुढे सरकली की लकवा. असं क्वचितच होतं. शिवाय अस्तर आधीच फाटलेलं असलं तरी मान दुखते आणि ती दुखते म्हणूनच माणूस मान मोडून घ्यायला जातो, त्यामुळे दोष झटक्याचा की आधीचाच, हे ठरवणं अवघड. पण अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2014 साली सांगितलंय की मानेला झटका देण्याआधी पेशंटला ही शक्यता सांगायला हवी. सलूनमध्ये दाढीनंतर फुकटात मान मोडून घेणारे आपण! मीही वीस वर्षं घेत होतो.

त्याच आठवड्यात या विद्येची कुळकथाही वाचली. 1895 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी, डी. डी. पामर नावाचा चुंबकीय उपचार करणारा गृहस्थ होता. हार्वी लिलार्ड या बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका त्यानं दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा त्याचा दावा. कानाची नस कवटीतल्या कवटीतच मेंदूला जाऊन मिळते, पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध नाही. पुढे पामरनं शंभरातले पंचाण्णव आजार सरकलेल्या मणक्यांमुळेच होतात असंही लिहून ठेवलं. क्लिनिकच्या भिंतीवरच्या रेषा कुठून आल्या ते तेव्हा लक्षात आलं.

तिसऱ्या सिटिंगला कायरोप्रॅक्टर म्हणाला, "आज मान करू. कंबरेचं मूळ मानेत असतं." मी उठून बसलो. "मानेला हात नको." तो रागावला नाही, फक्त म्हणाला, "हजारो माना केल्यात मी." पहिल्या दिवशी सही घेतलेल्या कागदावर 'जोखीम समजली' अशी एकच ओळ होती. कोणती जोखीम, विचारलं. "दोन दिवस अंग दुखतं, बाकी काही नाही." बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण रक्तवाहिनीचं नाव त्यानं काढलं नाही. बाहेर एक आजी नंबर लावून बसल्या होत्या. माझी आई याच वयाची, तिची हाडं ठिसूळ झालीत. माझ्या फॉर्मवर हाडांबद्दल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्यांबद्दल एकही प्रश्न नव्हता, आजींना तरी कुणी विचारलं असेल का? उरलेल्या तीन सिटिंगचे पैसे मागितले, मिळाले नाहीत. सोडून दिले.

सोळाव्या दिवसापासून घराजवळच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जायला लागलो. जाताना त्यांचा राज्य कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघितला. कायरोप्रॅक्टिकसाठी आपल्याकडे असं कौन्सिलच नाही, त्यामुळे तिथे बघणार काय आणि तक्रार नेणार कुठे? बाईंनी झटके दिले नाहीत. रोज चालणं, सेतुबंधासनासारखा एक व्यायाम, आणि रिकाम्या खोक्यावर गठ्ठा उचलण्याची तालीम: गठ्ठा पोटाशी, गुडघ्यातून वाकायचं, वळायचं ते पायांनी. "थोडं दुखलं तरी करा, दुखणं पायात उतरायला लागलं तर थांबा आणि मला फोन करा." सहाव्या आठवड्यात मी पुन्हा पोटमाळ्यावर. आता गठ्ठे अर्धे बांधून घेतो, पोरं कुरकुरतात.

भाचा विचारतो, मग कायरो खोटं का? कंबरेपुरतं तसं म्हणता येणार नाही. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं 2017 साली नव्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शन काढलं. त्यात गोळ्यांच्या आधी करून बघायच्या उपायांत शेक आणि मालीश यांच्याच पंगतीत मणक्यांना दिलेल्या झटक्यालाही पाट मांडलाय. पण तिथेच असंही लिहिलंय की अशी बहुतेक दुखणी, उपचार कोणताही करा, हळूहळू कमी होतातच. म्हणजे नाडी बांधता आली तो आनंद खरा होता. पण त्यासाठी पूर्ण कण्याचा एक्सरे, चोवीस सिटिंग आणि मान लागत नव्हती.

गणपतीत मावशीकडे गेलो तेव्हा तिनं मला वाकून नमस्कार करताना नीट बघितलं. म्हणाली, "उतरली ना? मी तेव्हाच म्हटलं होतं, दीड महिना लागेल." असं ती म्हणाली होती की नाही ते मला आठवत नाही. दीड महिनाच लागला, हे मात्र खरं.